विषम सैन्यांचे बुद्धिबळ: मोहऱ्यांचे गुण मोजून डाव का उमगत नाही?

दक्षिणायन:

नमस्कार. आमच्या मंडळात शनिवारी नेहमीचे डाव आटोपले की उरलेला वेळ आम्ही बुद्धिबळाच्या अशा प्रकारांना देतो, ज्यांत दोन्ही बाजूंचे सैन्य सारखे नसते. सध्या तीन प्रकार आलटून पालटून खेळले जातात. पहिला ‘महाराजा आणि शिपाई’. यात एका बाजूला फक्त महाराजा असतो, तो वजीर आणि घोडा या दोघांच्याही चाली चालतो, आणि समोर नेहमीचे संपूर्ण सैन्य असते. दुसरा लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ‘हॉर्ड’, म्हणजे झुंड, या नावाने खेळला जाणारा, ज्यात पांढऱ्याकडे राजाच नसतो, केवळ ३६ प्यादी असतात. काळ्याला ती सगळी मारायची असतात, तर पांढऱ्याला काळ्या राजावर मात करायची असते. तिसऱ्यात दोन्हीकडे राजा आणि आठ प्यादी नेहमीसारखीच, पण उरलेल्या मोहऱ्यांच्या जागी एकाकडे तीन वजीर आणि दुसऱ्याकडे सात घोडे असतात.

माझी अडचण हिशेबाची आहे. प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९ हे गुण आपण सगळेच शिकलो. त्या मापाने राजा सोडून नेहमीचे सैन्य ३९ गुणांचे होते. झुंडीचे ३६, म्हणजे जवळपास बरोबरी. महाराजाचे फार तर १२, म्हणजे लढत व्हायलाच नको. आणि तीन वजिरांचे २७ विरुद्ध सात घोड्यांचे २१, म्हणजे वजिरांनी आरामात जिंकावे. प्रत्यक्षात महाराजाकडून नवशिके सर्रास हरतात, वजीरवाल्यांची सात घोड्यांपुढे त्रेधा उडते, आणि झुंडीच्या डावात काळ्या बाजूला बसलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांत नेमके काय करायचे याच विचारात गुरफटून जातो.

तेव्हा दोन गोष्टी जाणकारांनी समजावून सांगाव्यात. एक, सैन्ये वेगवेगळ्या जातीची असताना मारामारी कोणी करायची आणि कोणी टाळायची, याचा काही सर्वसाधारण नियम आहे का? दोन, झुंडीविरुद्ध काळ्याने सुरुवातीला कोणते उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवावे? पाठ करण्याच्या खेळ्या नकोत, त्यांमागचा विचार हवा आहे.

अडीचघर:

दक्षिणायन, प्रश्न नेमका मांडला आहे. गुणांचे ते कोष्टक खोटे नाही, पण ते एका गृहीतकावर उभे आहे: दोन्हीकडे त्याच जातीचे मोहरे आहेत आणि त्यांची एकमेकांशी अदलाबदल होऊ शकते. वजीर नऊ गुणांचा ठरतो, कारण समोरही वजीर असतो आणि गरज पडल्यास वजिराला वजीर देता येतो. ज्या डावात ही सोयच नाही, तिथे मोहऱ्याची किंमत तो किती घरांवर मारा करतो यावर कमी आणि त्याला किती घरांवर पाऊल ठेवता येत नाही यावर जास्त ठरते.

महाराजाचेच बघा. रिकाम्या पटाच्या मध्यावर तो ३५ घरांवर मारा करतो, २७ वजिराच्या चालीने आणि ८ घोड्याच्या चालीने. कोपऱ्यात गेला तरी २३ घरे त्याच्या टप्प्यात राहतात. एवढे बळ असूनही, ज्या प्याद्याला दुसऱ्या प्याद्याचा जोर आहे असे एक प्यादेसुद्धा त्याला मारता येत नाही, कारण ते मारताच पुढच्या खेळीला तो स्वतः मारला जातो आणि डाव तिथेच संपतो. थोडक्यात, त्याला फक्त बिनजोर मोहरा चालतो. त्यामुळे शिपायांच्या बाजूचे धोरण एका वाक्यात मावते: कोणत्याही क्षणी एकही मोहरा बिनजोर ठेवू नका आणि त्या शिस्तीत, घाई न करता, पुढे सरका. अचूक खेळल्यास शिपाई जिंकतातच, हे केव्हाच ठरलेले आहे.

मूळ मांडणी या नजरेने पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. राजा सोडला तर शिपायांच्या, म्हणजे काळ्याच्या, पंधरा मोहऱ्यांपैकी फक्त दोघांना कोणाचाही जोर नसतो, आणि ते दोघे म्हणजे कोपऱ्यातले हत्ती. हत्ती घोड्याला जोर देतो, पण घोडा हत्तीला देत नाही. आरंभी हे चालून जाते, कारण महाराजाला हत्तीवर घोड्याच्या चालीने मारा करायचा तर बी६, सी७, एफ७ किंवा जी६ या घरांत (ए ते एच या उभ्या पट्ट्या, १ ते ८ या पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या रांगा) यावे लागते, आणि ही चारही घरे प्याद्यांच्या माऱ्यात किंवा मोहऱ्यांच्या ताब्यात असतात. आता नवशिका काय करतो? तो उत्साहाने एफ आणि एच ही प्यादी पुढे ढकलतो. बाकी सगळे जागच्या जागी असताना ही दोन प्यादी सरकली की जी६ वर मारा करणारे कोणी उरत नाही. महाराजा तिथे येऊन बसतो, एफ७ मधून तिरका शह लागतो, राजाला हलायला घर नाही, मध्ये घालायला मोहरा नाही, आणि मात! ३९ गुणांच्या सैन्याचा बारा गुणांच्या एकट्या स्वाराकडून झालेला हा पराभव बळाच्या अभावी नसून घरे उघडी टाकल्यामुळे होतो.

पुढे सरकताना प्यादी जोडीने न्यावीत. शेजारी-शेजारी उभी असलेली दोन प्यादी समोरच्या रांगेतली सलग चार घरे बंद करतात, आणि त्यांच्या मागे हत्ती वा वजीर असेल तर ती स्वतःही सुरक्षित राहतात. अशी भिंत पाचव्या, मग चौथ्या रांगेपर्यंत आली की महाराजाकडे भटकायला जागा उरत नाही. बहुतेक ठिकाणी या प्रकारात शिपायांच्या प्याद्यांना बढती मिळत नाही, म्हणजे शेवटच्या रांगेत पोहोचूनही त्यांचा वजीर होत नाही, म्हणून प्याद्यांची शर्यत लावण्यात अर्थ नाही. ती भिंतीच्या विटा म्हणूनच वापरायची.

झुंडीवर सविस्तर लिहायचे आहे, ते वेगळ्या प्रतिसादात देतो.

अडीचघर:

झुंडीची मांडणी आधी नीट बघावी, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे. पांढऱ्याच्या पहिल्या चार रांगा प्याद्यांनी गच्च भरलेल्या असतात, त्यांची ३२, आणि उरलेली चार बी५, सी५, एफ५ व जी५ वर पुढे काढलेली असतात. ही चार प्यादी सहज पुढे काढलेली वाटतात, पण त्यांची योजना पाहण्यासारखी आहे: बी५ चे प्यादे ए६ व सी६ वर, सी५ चे बी६ व डी६ वर, एफ५ चे ई६ व जी६ वर आणि जी५ चे एफ६ व एच६ वर मारा करते. म्हणजे चार प्यादी मिळून काळ्याची सहावी रांग पूर्ण झाकतात, प्रत्येक घर बरोबर एकदा. काळ्याचे दोन्ही घोडे त्यामुळे जागीच खिळतात. ते जिथे जातील तिथे प्यादे त्यांना मारते. चार पट्ट्यांवर प्यादे दोन घरे टाकता येते, पण तेही माऱ्यातच जाते. पांढऱ्याने ही मांडणी मोडेपर्यंत काळ्याकडे अशी एकही खेळी नसते, की जिच्यावर मारा नाही.

यातून निघणारा निष्कर्ष काळ्याला सुरुवातीला रुचत नाही, पण तो स्वीकारावाच लागतो: सुरक्षित विकास नावाची गोष्ट इथे नाही, काहीतरी देऊनच वाट काढायची आहे. प्रश्न एवढाच, की काय द्यायचे आणि त्या बदल्यात काय घ्यायचे. माझ्या मते प्यादी मोजू नयेत, पट्ट्या मोजाव्यात. उदाहरणार्थ ई६ ही खेळी घ्या. पांढऱ्याने एफ५ च्या प्याद्याने ई६ वर मारले आणि काळ्याने एफ७ च्या प्याद्याने परत मारले, तर जी६ या घरावरचा एकमेव पहारा उठला आणि ई७ रिकामे झाले. जी८ च्या घोड्याला ई७ मार्गे जी६ वर जायची वाट मिळाली. पांढरा लगेच एफ४ चे प्यादे एफ५ वर सरकवून पहारा पुन्हा बसवतो. झुंडीची खरी ताकद हीच आहे, की पुढचे पडले तर मागचे त्याची जागा घेते. काळ्याने ई६ च्या प्याद्याने एफ५ वर मारल्यावर मात्र पांढऱ्याला निवड करावी लागते. ई४ ने परत मारले तर ई पट्टीवर त्याचे सर्वांत पुढचे प्यादे ई३ वर राहते आणि काळ्याच्या वजिराला ई७ वरून सरळ रस्ता मिळतो. जी४ ने मारले तर जी५ च्या पाठीशी भोक पडते. दोघांचीही दोन-दोन प्यादी गेली, गुणांच्या वहीत नोंद शून्य, पण पटावर काळ्याने हवे ते मिळवले.

पट्टी का हवी, याचे कारण प्याद्याच्या स्वभावात आहे. प्यादे मागे मारत नाही. त्यामुळे पहिल्या रांगेवर कोणतेही प्यादे कधीच मारा करू शकत नाही, आणि त्याच कारणाने पहिल्या रांगेतल्या प्याद्यांना कोणाचा जोरही असू शकत नाही. काळ्याचा एक हत्ती तिथपर्यंत पोहोचला की पांढऱ्याचा वजीर तयार होईपर्यंत त्याला हात लावणारा कोणी नसतो, आणि त्याच्या शेजारी ओळीने उभी असलेली प्यादी सगळी बिनजोर असतात. झुंडीचा पराभव बहुधा मागच्या बाजूने होतो. म्हणून काळ्याने एक घोडा, प्रसंगी उंटही, दोन प्याद्यांच्या बदल्यात द्यायला कचरू नये, पण हत्ती आणि वजीर हे पट्टीतून आत शिरण्यासाठी राखून ठेवावेत.

मधलीपट्टी:

अडीचघर यांचे विवेचन काळ्याच्या बाजूने उत्तम आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. ‘घोडा द्यायला कचरू नये’ हा सल्ला डावाच्या पहिल्या भागापुरताच खरा आहे, आणि तसे स्पष्ट सांगितले नाही तर वाचणारा तोच दर शेवटपर्यंत लावत बसेल. पटावर तीसच्या वर प्यादी असतात तेव्हा ती स्वतःच्याच गर्दीत अडकलेली असतात. त्यांतली दोन गेली काय, राहिली काय, पांढऱ्याला जाणवतही नाही आणि काळ्याला मात्र हवा मिळते. पांढऱ्याकडे आठ-दहा प्यादी उरली की त्यांतले प्रत्येक वजीर होण्याच्या वाटेवर असते, आणि तेव्हा एका घोड्याला दोन प्यादी हा व्यवहार काळ्याला महागात पडतो, कारण ती दोन मेली तरी तिसऱ्याला अडवायला मोहरा उरत नाही. थोडक्यात, अदलाबदलीचा दर डावाबरोबर बदलतो. सुरुवातीला काळ्याने उदार व्हावे, उत्तरार्धात कंजूष.

आता पांढऱ्या बाजूविषयी, कारण तिच्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही आणि ती सोपी आहे असा उगाच समज आहे. पांढऱ्याचे सर्वांत मोठे दुखणे हे, की त्याला ‘थांबण्याची’ खेळी मिळत नाही. काळा हत्ती दोन घरांत मागे-पुढे करत वेळ काढू शकतो. पांढऱ्याची प्रत्येक खेळी मात्र परत न घेता येणारे पाऊल असते. समजा कोणी कोणाला मारलेच नाही आणि काळ्याची प्यादी सातव्या रांगेतच राहिली, तर ए, डी, ई आणि एच या पट्ट्यांवर चार प्याद्यांना पुढे दोन मोकळी घरे, म्हणजे प्रत्येकी आठ पावले. आणि बी, सी, एफ, जी वर पाच प्याद्यांना एकच मोकळे घर, म्हणजे प्रत्येकी पाच. एकूण ५२. हा कागदावरचा कमाल आकडा झाला. काळ्याने डी प्यादे एक घर पुढे आणून डी६ वर टिकवले, की त्या पट्टीवरची आठ पावले चारवर येतात. पावले संपत आली की पांढऱ्याला स्वतःची साखळी स्वतःच्या हाताने तोडावी लागते, आणि तिथेच हत्तीला दार उघडते.

म्हणून पांढऱ्याने मागच्या रांगांतली पावले उधळू नयेत, ती शिल्लक समजून जपावीत. मारायची संधी दिसली म्हणून मारू नये. प्रत्येक वेळी प्यादे शेजारच्या पट्टीवर गेल्यावर आपल्या पट्टीत जे भोक पडते ते आधी पाहावे. आघाडी काळ्या राजाच्या दिशेनेच न्यावी, कारण दुसऱ्या टोकाला वजीर तयार झाला तरी तो एकटा असतो आणि आठव्या रांगेवर हत्ती टपलेलाच असतो. दोन प्यादी जोडीने सातव्या रांगेत नेता आली, तर एक मारले जाताना दुसरे वजीर होते. माझ्या पाहण्यात पांढऱ्याचे बहुतेक विजय याच मार्गाने आले आहेत.

जाता जाता एक माहिती. या कल्पनेचे मूळ लॉर्ड डन्सनी या आयरिश लेखकाने १९४२ मध्ये मांडलेल्या प्रकारात आहे. त्याच्याकडे ३२ प्यादी होती, पहिली खेळी काळ्याची असे, आणि पांढऱ्या प्याद्यांना दोन घरांची उडी नव्हती. पुढे काढलेली चार प्यादी नसल्यामुळे तिथे काळ्याचे घोडे मोकळे असतात. तुमच्या मंडळात नवखे काळ्या बाजूला वैतागत असतील तर आधी हा जुना प्रकार खेळवून बघा.

दक्षिणायन:

दोघांचेही आभार. पट्ट्या मोजण्याचा आणि शिलकी पावलांचा मुद्दा लगेच पटला. आता उरला तो वजीर-घोड्यांचा प्रश्न. महाराजा एकटा आहे म्हणून त्याला अदलाबदल परवडत नाही हे समजले. पण वजीर तर तीन आहेत. एक वजीर देऊन दोन घोडे मिळाले तर तीन गुणांचा तोटा, तो काही जीवघेणा नव्हे. मग सात घोडे भारी का पडावेत?

बिनजोर:

याचे उत्तर मी देतो, कारण या विशिष्ट सामन्यावर पुष्कळ विचार झालेला आहे. फेअरी-मॅक्स हा अशा प्रकारांचे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिणारे एच. जी. मुलर यांनी तीन वजीर विरुद्ध सात घोडे हा सामना संगणकावर खेळवून दाखवला आहे, आणि त्यात घोड्यांची बाजू सहज वरचढ ठरते. मुलर यांचे स्पष्टीकरण असे, की बलवान मोहऱ्याची किंमत समोरच्या दुबळ्या मोहऱ्यांच्या संख्येप्रमाणे घसरते. घोड्याच्या माऱ्यातल्या घरात वजिराला जाता येत नाही, मग त्या घराला दुसऱ्या कोणाचा जोर असो वा नसो. उलट घोडा मात्र वजिराच्या माऱ्यातल्या घरात, आपल्या भावाचा जोर घेऊन, बिनधास्त बसतो. सात घोडे मध्यभागी आले की पटावरची इतकी घरे वजिरासाठी निषिद्ध होतात, की त्याचा कागदावरचा लांब पल्ला कागदावरच राहतो. तो हत्तीइतकाही मोकळा फिरत नाही. नऊ गुण हे त्याच्या मोकळेपणाचे मोल होते आणि मोकळेपणच गेले.

आता तुमच्या सूचनेकडे येतो. वजीर देऊन दोन घोडे घेणे हा तोटा आहे असे तुम्ही नऊ आणि सहा या आकड्यांवरून म्हणता; पण सात घोड्यांसमोर वजीर नऊचा राहिलेलाच नाही, तेव्हा तो हिशेबही बदलतो. वजीरवाल्याने अशी संधी सुरुवातीलाच शोधावी, विशेषतः सोबत एखादे प्यादे मिळत असेल तर अवश्य. पाच घोडे उरले की बंद घरे कमी होतात आणि उरलेले दोन वजीर पुन्हा श्वास घेऊ लागतात. तिन्ही वजीर जपून ठेवण्याचा मोह हाच त्या बाजूचा शत्रू आहे. दुसरे, वजीरवाल्याने पट उघडा आणि विस्कळीत ठेवावा, दोन्ही टोकांना प्यादी ठेवावीत, कारण घोड्याला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला चार-पाच खेळ्या लागतात. घोडेवाल्याने नेमके उलट करावे: घोडे एकमेकांना जोर देत, राजाला मध्ये घेऊन, एका बाजूला गोळा करून पुढे न्यावेत, आणि वजिराला शहांची मालिका लावता येईल अशी मोकळी घरे स्वतःच्या राजाभोवती ठेवू नयेत. घोड्यांचा डाव हरला जातो तो जवळजवळ नेहमी अशा सततच्या शहांमुळे, ज्यांत एखाद्या शहाबरोबरच बिनजोर घोड्यावरही मारा होतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला, म्हणजे मारामारी कोणी करायची याला, एकच नियम लागू पडत नाही असे मला वाटते. नेहमीच्या बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याने घोडा कमी घेऊन खेळायला सुरुवात केली, तर जास्त मोहरे असलेल्याने सरसकट मारामारी करावी हा सल्ला योग्यच आहे, कारण तिथे जात एकच आहे आणि प्रत्येक अदलाबदलीनंतर तो एक जादा घोडा अधिक मोठा होत जातो. ऑस्ट्रेलियाचे ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डन यांनी २०२० मध्ये कोमोडो या बलाढ्य प्रोग्रामला घोड्याच्या सवलतीवर, म्हणजे प्रोग्राम एक घोडा कमी घेऊन खेळत असताना, ५-१ असे हरवले. अलीकडे लीचेसवर लीला या बुद्धिबळाच्या प्रोग्रामचा जो अवतार घोडा कमी घेऊन खेळतो, तो हे ओळखून अदलाबदल टाळतो, गुंतागुंत वाढवतो आणि समोरच्याला घड्याळाच्या तोंडी देतो. जाती वेगळ्या झाल्या की मात्र ‘कोणाकडे जास्त आहे’ हे न विचारता ‘या अदलाबदलीनंतर कोणाच्या मोहऱ्यांना जास्त घरे मोकळी होतात’ हे विचारावे लागते. झुंडीत काळ्याला, वजीर-घोड्यांत वजीरवाल्याला, म्हणजे दोन्हीकडे लांब पल्ल्याच्या मोहऱ्यांच्या मालकाला, सुरुवातीची मारामारी हवी असते. महाराजाला ती शक्यच नाही, आणि म्हणून तो अचूक खेळापुढे हरतो.

किल्लेकोट:

चर्चेत एक भर घालते. इथे आतापर्यंत थोड्या बलवानांची बहुसंख्य दुबळ्यांशी गाठ पडली आहे. विषम सैन्यांचा एक वेगळा वर्गही आहे, ज्यात बळ मुद्दाम समान ठेवले आहे आणि फक्त चाली वेगळ्या आहेत. अमेरिकेचे राल्फ बेट्झा यांनी रचलेला ‘वेगवेगळी सैन्ये’ हा प्रकार त्यांतला सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. एक सैन्य आपले नेहमीचेच. दुसऱ्यातले बरेच मोहरे एकाच रंगाच्या घरांत अडकलेले, पण उड्या मारणारे. तिसऱ्यात हत्तीच्या वळणाचे, आडव्या-उभ्या चालींचे मोहरे. आणि चौथ्यात असे, जे पुढे घोड्यासारखे किंवा हत्तीसारखे झेपावतात, पण मागे येताना राजासारखे एकेक घर चालतात.

या चौथ्या सैन्याशी खेळताना धोरण म्हणजे काय, हे फार स्पष्ट दिसते. त्याचे सगळे बळ पुढच्या दिशेला आहे, म्हणून त्याला मधल्या डावातच निकाल लावायला हवा. वजिराच्या तोडीचा त्याचा मोठा मोहरासुद्धा पटाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसला की परत यायला अनेक खेळ्या घेतो. नेहमीचे सैन्य घेऊन बसलेल्याने पहिला धडाका सोसावा, राजा लवकर सुरक्षित करावा, शक्य तेवढी मारामारी करून अंतिम डावाकडे यावे, आणि तिथे एखादे प्यादे मुद्दाम मागच्या बाजूने पळवावे. रंगात अडकलेल्या सैन्याशी वेगळे वागावे लागते: त्यांच्या जोडीतला एक मोहरा मारला की त्या रंगाची घरे बरीचशी आपली होतात, मग प्यादी आणि राजा त्याच रंगावर न्यावेत.

आणखी एक, घराजवळचे उदाहरण. लेण्यांच्या आणि देवळांच्या फरशीवर कोरलेले वाघ-बकरीचे पट आपण पाहिले असतील. नेपाळमध्ये त्याच कुळातला बाघचाल आजही आवडीने खेळला जातो. २५ बिंदूंच्या पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरीला मात्र मारताच येत नाही. तिथे बकरीचा ‘जोर’ म्हणजे तिच्या मागचा भरलेला बिंदू: मागे जागा रिकामी नसेल तर वाघाला उडी घेता येत नाही. म्हणून बकऱ्या आधी कडेच्या बिंदूंवर मांडाव्यात, जिथे पाठीमागे पटच संपतो. दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर हा डाव बरोबरीत सुटतो, हे संगणकाने दाखवून दिले आहे. बिनजोर काही ठेवायचे नाही ही सवय मुलांना महाराजापेक्षा या खेळातून लवकर लागते, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे.

दक्षिणायन:

सर्वांचे मनापासून आभार. येत्या शनिवारी वजीर-घोड्यांचा डाव ‘एक वजीर लवकर द्या’ या सूचनेसह खेळवतो. एक शेवटची व्यावहारिक शंका आहे: या डावांची स्पर्धा घ्यायची झाल्यास ती न्याय्य कशी करावी?

मधलीपट्टी:

प्रत्येक जोडीने दोन डाव बाजू बदलून खेळावेत आणि दोन्हींचे गुण एकत्र धरावेत. त्याशिवाय या प्रकारांची स्पर्धा घेऊच नये. महाराजाचा प्रकार स्पर्धेतून वगळावा, किंवा शिपायांच्या बाजूचा वजीर आणि एक हत्ती पटावरून काढून मग तो खेळवावा, म्हणजे जाणकारालाही भिंत उभारताना विचार करावा लागेल. झुंडीला मात्र वेळ थोडा जास्त ठेवा आणि दर खेळीमागे पाच-दहा सेकंद वाढवून द्या. काळ्याला जिंकण्यासाठी किमान ३६ वेळा मारावे लागते, आणि नुसत्या दहा मिनिटांच्या घड्याळावर जिंकलेला डावही तो हातातून घालवतो.